रामकुंडावरचा शब्द आणि सातबाऱ्यावरची नोंद: एका घराचे चौदा महिने

सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, सासूच्या नावावर. नवरा अंबड एमआयडीसीत मशीन ऑपरेटर, वय ४३, नोकरी १६ वर्षं ८ महिने. कार्तिकातल्या एका पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मागे राहिले ते असे: बायको ३८ वर्षांची, मुलगी १५ वर्षांची आणि दहावीत, मुलगा १०, सासू ६७. सासू स्वतः चौदा वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग, ती धाकटा दीर कसतो. एक ननंद, दिंडोरीकडे दिलेली.

हे कुणा एका घराचं वर्णन नाही. नाशिक आणि निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात अशा वेळी जे पुन्हा पुन्हा घडतं, ते एका घरात बसवून मांडलं आहे. रकमा हिशेब दिसावा म्हणून धरल्या आहेत. नियम आणि कायदा आहे तसाच आहे. यात श्रद्धा, नाती आणि पैसा असे तीन वेगळे विषय नाहीत. एका कागदावरची एक सही तिन्हीकडे ओढ लावते, म्हणून प्रकरण घडलं त्या क्रमानंच सांगायला हवं.

दहावा

दहाव्या दिवशी रामकुंडावर पिंड मांडला. पाऊण तास कावळे घिरट्या घालत होते, शिवेना एकही. मग नेहमीचं सुरू झालं. गेलेल्याची कोणती इच्छा राहिली असेल ते एकेकानं मोठ्यानं बोलायचं. "पोरीला शिकवू." "आईला अंतर देणार नाही." तरी कावळा हलेना. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, जमिनीचं कधी काढणार नाही, भाऊजींच्या शब्दात राहीन म्हणा." बाई म्हणाल्या. दोन मिनिटांत पिंडाला चोच लागली.

पुढची सगळी गुंतागुंत या वाक्यातून निघाली. प्रथेत वावगं काही नाही. मेलेल्याला धीर देता देता जिवंत माणसंच स्वतःला बांधून घेतात, आणि त्याचा उपयोगही होतो. फक्त मुलाबाळांच्या वचनांच्या रांगेत मालमत्तेचं वाक्य घुसलं, तेही अशा बाईच्या तोंडून, जी तीन रात्री झोपलेली नव्हती. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून विधी पुरा करता येतो. गुरुजींना विचारलं तर ते सांगतात. घाटावरच्या गर्दीत विचारायचं कुणाला सुचत नाही इतकंच.

बांगड्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. शेजारच्या दोघी-तिघी फोडायला पुढे आल्या, जाऊबाईंनी हात धरला आणि बांगड्या उतरवून पिशवीत ठेवल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. जाऊबाईंना परिपत्रक माहीत नव्हतं. सासूच्या मनगटावर काचेची जुनी खूण आहे, ती त्यांनी रोज बघितली होती.

दहावा, तेरावा, येणाजाणाऱ्यांची जेवणं यांसाठी ६८,००० रुपये हातउसने घ्यावे लागले. त्यातच कुणी त्रिपाद नक्षत्र काढलं, म्हणजे मृत्यूची वेळ अशुभ, शांती करा म्हणालं, कुणी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला सांगितलं. नारायण नागबळी तीन दिवसांचा विधी आहे, राहणं-जेवणं धरून खर्च वाढत जातो. अशा वेळी कामाला येणारी रीत एकच: दशक्रिया, सपिंडी, तेरावा आणि वर्षश्राद्ध एवढं ठरलेलं, त्याबाहेर कुणी काही सुचवलं तर "वर्षश्राद्धानंतर बघू" असं म्हणायचं. नकार दिला तर वाद होतो, पुढे ढकललं तर होत नाही. आणि जो विधी भीतीपोटी सुचवलेला असतो, त्याची आठवण वर्षानं सहसा सुचवणाऱ्यालाही राहत नाही.

फोन, दाखला, पासबुक

पाचव्या दिवशी दिरानं भावाच्या फोनवरून यूपीआयनं ३८,००० रुपये मंडप-केटरिंगवाल्याला पाठवले. हेतू वाईट नव्हता, पण खातेदार गेल्यावर त्या खात्यातले पैसे सगळ्या वारसांचे होतात. बँकेनं स्टेटमेंट काढल्यावर मृत्यूनंतरचा व्यवहार दिसला आणि सगळ्या वारसांचं संमतिपत्र मागितलं. महिना त्यात गेला. एटीएम आणि यूपीआय त्या दिवसापासून बंद. सिमकार्ड मात्र चालू ठेवायचं, रिचार्ज मारत राहायचं. पीएफ, बँक, विमा, गॅस सगळ्यांच्या नोंदी त्याच नंबरवर असतात.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर विनाशुल्क होते. ३० दिवस उलटले की परवानगीचे हेलपाटे सुरू होतात. दाखल्याच्या किमान दहा प्रती घ्याव्यात. दाखला छापण्याआधी नावाचं स्पेलिंग आधारशी ताडून बघावं. या घरात दाखल्यावर पूर्ण नाव होतं, पीएफच्या नोंदीत वडिलांचं नाव गाळलेलं. ते जुळवायला संयुक्त घोषणापत्र, कंपनीचा शिक्का आणि दोन महिने लागले.

पासबुक ओळीओळीनं वाचायचं असतं. मे अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना: मृत्यू कशानंही होवो, २ लाख. २० रुपये वजा असतील तर ती सुरक्षा विमा योजना, अपघातासाठी. इथं हृदयविकार, म्हणून दुसरीतून काही नाही. पहिली मात्र घरात कुणाला माहीतच नव्हती. तीन वर्षांपूर्वी बँकेतल्या माणसानं फॉर्म भरून घेतला होता. बायकोचं नाव नॉमिनी होतं, पैसे पहिल्यांदा आले ते हे.

नॉमिनी कोण, वारस कोण

पीएफच्या कागदावर नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव निघालं. नवऱ्यानं नोकरी लागताना लग्नाआधी भरलेलं, आणि वडील तर कधीच गेलेले. "म्हणजे पैसे अडकले," असं घरात सगळे म्हणू लागले. तसं नसतं. पीएफच्या नियमात लग्नाआधी केलेलं नामांकन लग्न झालं की आपोआप रद्द धरलं जातं. वैध नामांकन नसेल तर रक्कम कुटुंबातल्या पात्र माणसांत सारखी वाटली जाते: बायको, अज्ञान मुलं, आणि अवलंबून असलेली आई. म्हणजे चार हिस्से.

हिशेब असा बसला. पीएफमध्ये ६,४०,००० जमा. ईडीएलआय, म्हणजे पीएफ खात्याला जोडलेल्या विम्यात, सरासरी पगाराच्या ३५ पट मिळतात, पगार मात्र १५,००० पर्यंतच धरतात, म्हणजे ५,२५,०००. त्यावर खात्यातल्या सरासरी शिलकीच्या निम्मे, पण १,७५,००० च्या वर नाही. एकूण कमाल ७ लाख, आणि ते पूर्ण बसले. ग्रॅच्युइटीला नोकरीची पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत लागत नाही. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता १८,२००, भागिले २६, गुणिले १५ म्हणजे १०,५००. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात म्हणून १७ वर्षं: १,७८,५००. ग्रॅच्युइटीचं नामांकन लग्नानंतरचं होतं, बायकोच्या नावाचं.

अर्ज तीन: पीएफसाठी फॉर्म २०, विम्यासाठी ५ आयएफ, पेन्शनसाठी १० डी. तिन्ही एकदम द्यावेत. कंपनीतल्या टाइम ऑफिसनं फक्त पहिला भरून दिला होता. विमा आणि पेन्शन हे हक्क आहेत हे घरच्यांनी विचारल्यावर कळलं. बऱ्याच घरांत विचारलंच जात नाही.

पेन्शन फार मोठी नाही. बाईंना २,७०० बसली, दोन्ही मुलांना तिच्या २५ टक्के प्रमाणे ६७५ प्रत्येकी, वयाच्या २५ पर्यंत. पुनर्विवाह केला तर विधवेची पेन्शन थांबते. नवऱ्याच्या मालमत्तेतला एकदा मिळालेला हिस्सा मात्र पुनर्विवाहानं जात नाही. ही गोष्ट इथं मुद्दाम लिहिली, कारण "दुसरं घर केलंस तर सगळं सोडावं लागेल" हे वाक्य बाईंना पहिल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलं. त्यांनी दुसऱ्या लग्नाचा विषयही काढला नव्हता.

पीएफ आणि विमा मिळून १३,४०,०००. चार हिस्से केल्यावर प्रत्येकी ३,३५,०००. सासूचा हिस्सा पाहून घरात पहिली कुजबुज झाली. बाईंच्या माहेरचे म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला एवढे कशाला?" हिंदू उत्तराधिकार कायद्यात, १९५६ पासून, विनामृत्युपत्र गेलेल्या पुरुषाची आई ही बायको-मुलांच्याच पहिल्या वर्गात आहे, बरोबरीनं. सून आणि सासू एकाच ओळीत उभ्या असतात हे बहुतेक घरांत पहिल्यांदा कळतं ते अशा वेळी, आणि कळायची पद्धत चुकली की दोघी विरुद्ध बाजूंना जातात. बाईंनी माहेरच्यांना एवढंच सांगितलं की आईंचा मुलगा गेला आहे.

हक्कसोड

माघात दीर कागद घेऊन आला. "वहिनी, एवढी सही द्या. बाकी सगळं मी बघतो." हक्कसोडपत्राचा मसुदा होता.

त्याची बाजू आधी. ऑक्टोबर छाटणी झालेली, डिपिंग आणि फवारण्यांचा खर्च अंगावर, माल काढायला फेब्रुवारी-मार्च. विकास सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत नवं-जुनं करायचं, आणि सातबाऱ्यावर मयताचं नाव असेपर्यंत ते होणार नाही असं त्याला सांगितलेलं. कुणी सल्ला दिला की वहिनीकडून हक्कसोड घे, एका दमात काम होईल. आणि रामकुंडावर तिनं शब्द दिलाच होता. त्याच्या डोक्यात हा लोभ नव्हता, मार्च एंड होता. अशा प्रकरणांत दिराला खलनायक करून काही सुटत नाही. त्याची अडचण नेमकी कुठं आहे ते शोधलं की निम्मा प्रश्न विरघळतो.

अडचण मयताच्या नावाची होती आणि तिच्यावर इलाज वारस नोंद. हक्कसोडीची गरजच नव्हती. शिवाय ते कागद अर्धवट ठरले असते: हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, आणि अज्ञान मुलांचा स्थावर हिस्सा आईलाही जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता किंवा विकता येत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ तेच सांगतं. म्हणजे बाईंनी सही केली असती तरी फक्त त्यांचा स्वतःचा तुकडा गेला असता, आणि मुलं सज्ञान झाल्यावर वाद पुन्हा उघडला असता.

तुकडा किती? जमीन सासऱ्यांनी स्वतः घेतलेली होती, म्हणून हिशेब सोपा. वडिलोपार्जित असती तर मुलांचे जन्मसिद्ध हिस्से आधी काढावे लागले असते. १२० गुंठे, सासरे गेल्यावर सासू, दोन मुलगे, एक मुलगी, प्रत्येकी ३०. आता नवऱ्याच्या ३० गुंठ्यांचे चार वारस, प्रत्येकी साडेसात. बाई आणि दोन मुलं मिळून साडेबावीस. सासूकडे साडेसदतीस.

घरात बैठक बसली. सासू, दीर, जाऊबाई, ननंद, बाईंचा भाऊ. दिरानं रामकुंडाचा शब्द काढला. बाई गप्प. सासू म्हणाल्या, "त्याला पोरांचं ऐकायचं होतं. सोसायटीचं नव्हतं." त्यावर कुणी काही बोललं नाही. ननंदेनं आणखी एक गोष्ट केली: आपण चौदा वर्षांपूर्वी हक्कसोड देणार होतो, दादानंच नको म्हणून थांबवलं होतं, हे सांगितलं. दिराला ते माहीत नव्हतं.

मग पुढच्या गोष्टी झाल्या. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. सोबत मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार. फेरफार नोंद पडली की हरकतीसाठी नोटीस निघते, १५ दिवसांची मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. एकदा नोंद अडली, कारण प्रतिज्ञापत्रात ननंदेचं सासरचं नाव होतं आणि जुन्या फेरफारात माहेरचं. दोन्ही नावं "उर्फ" लावून लिहिल्यावर सुटली.

अर्जातल्या दोन जागा डोळ्यांत तेल घालून बघायच्या. अज्ञान मुलांची नावं "अ.पा.क. आई" अशी यायला हवीत, म्हणजे अज्ञान, पालनकर्ती आई. आणि "ए.कु.क." म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता म्हणून एकट्या दिराचं नाव लागता कामा नये. ती तीन अक्षरं लागली की बाकीचे वारस सातबाऱ्यावरून दिसेनासे होतात. पुढची पिढी ते काढायला कोर्टात जाते. मयतांच्या जागी वारस लावण्यासाठी महसूल खात्यानं २०२५ च्या एप्रिलपासून जिवंत सातबारा मोहीम राज्यभर चालवली, त्यावरून हा प्रश्न किती घरांत पडून आहे ते लक्षात येतं.

पाचशेच्या स्टँपवर समजुतीचा कागद झाला. जमीन दीरच कसणार. बाई आणि मुलांच्या साडेबावीस गुंठ्यांबद्दल तो वर्षाला १८,००० रुपये देणार, माल विकल्यावर, ३० एप्रिलच्या आत, बँकेतून. अर्धेलीचा, म्हणजे निम्म्या वाट्यानं कसायला देण्याचा पर्याय मुद्दाम टाळला: द्राक्षात खर्चाचे आकडे एवढे हलतात आणि व्यापाऱ्याचे पैसे एवढे लटकतात की दर हंगामाला हिशेबावरून तोंडं फिरतात. ठरीव रक्कम कमी असली तरी तिच्यावर भांडण होत नाही. कागदात एक ओळ वकिलानं घालायला लावली: दीर हा सहहिस्सेदार म्हणून कसतो, कूळ म्हणून नव्हे. कर्ज त्यानं स्वतःच्या, आईच्या आणि बहिणीच्या हिश्श्यावर, त्यांच्या संमतीनं काढलं. मर्यादा थोडी कमी बसली, पण मार्च निघाला.

साडेसात लाखांच्या आतला पैसा

बाईंच्या वाट्याला आले: पीएफ-विम्याचे ३,३५,०००, ग्रॅच्युइटी १,७८,५००, बँकेचा विमा २,००,०००. एकूण ७,१३,५००. आयुष्यात एवढी रक्कम नावावर पहिल्यांदा. नातलगांपैकी एकानं प्लॉट सुचवला, एकानं युनिट-लिंक्ड विमा, एकानं उसनेच मागितले. वर्षभर कुठलीही मोठी खरेदी नाही, कुणाला जामीन नाही, या नियमानं सगळे प्रश्न सुटले.

वाटणी अशी केली. ४,५०,००० पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, ७.४ टक्क्यांनी महिन्याला २,७७५. १,३२,००० बचत खात्याला जोडलेल्या ठेवीत, घरखर्च महिना २२,००० धरून सहा महिन्यांचे. ६८,००० हातउसने फेडले, तेही आधी. दहाव्याचं कर्ज राहिलं की प्रत्येक भेटीत माणसाची नजर बदलते. उरलेल्या ६३,५०० पैकी ४१,००० स्वयंपाकाच्या सामानाला, २२,५०० मुलीच्या अकरावीला.

मुलांचे ३,३५,००० त्यांच्या नावच्या खात्यांत, आई पालक म्हणून. कुणीतरी मुलीसाठी सुकन्या काढायला सांगितलं. ते खातं दहा वर्षांच्या आतच उघडता येतं, पंधराव्या वर्षी नाही. मुलांचे पैसे साध्या मुदत ठेवीत गेले, मुलीचे तीन वर्षांच्या, मुलाचे पाच.

बाल संगोपन योजनेचा अर्ज केला, प्रत्येक मुलामागे महिना २,२५० ची. मंजुरी कधी येईल ते धरवत नाही, म्हणून घरखर्चाच्या हिशेबात ती घेतली नाही. येईल तेव्हा येईल.

डबे

अंबड आणि सातपूरच्या वसाहतींत बाहेरून आलेली मुलं खोल्या करून राहतात. डब्याला गिऱ्हाईक कमी नाही. बाईंनी आधी सहा डबे केले, शेजारच्या मुलांचे. तिसऱ्या महिन्यात सोडून द्यायची वेळ आली, कारण हिशेबच लागेना. घरची भाजी आणि धंद्याची भाजी एकाच पिशवीत येत होती. मग सामानाचे दोन डबे, दोन पिशव्या, दोन वह्या केल्या, आणि कळलं की एका डब्यामागे त्या चार रुपये तोट्यात होत्या.

आता २४ डबे आहेत, दुपारचा एक वेळ, महिन्याचे २६ दिवस. डब्यात चार पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी, भात. रोज लागतं ते असं: कणीक सव्वातीन किलो (किलोला तीसेक पोळ्या), तांदूळ दीड किलो, तूरडाळ पाऊण किलोच्या आत, भाजी निवडलेली तीन किलो. कच्चा माल डब्यामागे ३८ रुपये. दर महिना १,९००, आगाऊ. एकूण ४५,६००. त्यातून माल २३,७१२, गॅस ३,०००, डबे पोचवणाऱ्या मुलाला ५,०००. हातात १३,८८८.

घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, व्यावसायिक घ्यावं लागतं. अन्न सुरक्षेची मूळ नोंदणी छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपयांत होते, आणि कंपनीच्या गेटवर विचारणा झाली तर तो नंबर कामाला येतो. उधारीनं मोडलेले डबेवाले बरेच. पगार झाल्यावर देतो म्हणणाऱ्याला पहिल्या महिन्यात हो म्हटलं की वर्षभर पाठलाग करावा लागतो. आणि दिवाळीत कंपन्या बंद, मुलं गावी. बारा महिन्यांचा हिशेब अकरा महिन्यांच्या कमाईवर बसवायचा.

पेन्शन, मुलांची पेन्शन, पोस्टाचं व्याज आणि डबे मिळून महिन्याला २०,७१३. खंडाचे १८,००० वर्षाला वेगळे. डबे चालू असलेल्या महिन्यांत २२,००० च्या खर्चाला हे जेमतेम पुरतं. सिडकोत याला कुणी श्रीमंती म्हणणार नाही. पण चौदाव्या महिन्यात बाईंनी ननंदेच्या मुलाच्या फीला ३,००० दिले, न मागता, आणि वहीत "दिले" असं लिहिलं. "उसने" नाही.

मुलं

मुलाला पहिले आठ दिवस "बाबा बाहेरगावी गेलेत" असं सांगितलं होतं. खरं त्याला शाळेत दुसऱ्या मुलाकडून कळलं. नंतर दर सोमवारी सकाळी पोटात दुखायचं. तपासण्या नीट आल्या. वर्गशिक्षिकेला सगळं सांगून पहिला तास शेवटच्या बाकावर बसायची मोकळीक दिल्यावर दीड महिन्यात थांबलं. मुलगी रडली नाही, अभ्यास करत राहिली, आणि दहावीचा शेवटचा पेपर देऊन आल्यावर चार दिवस उठली नाही. सहा महिन्यांनंतरही माणूस रोजच्या कामाला लागू शकत नसेल, तीच ओढ दिवसभर राहत असेल, तर तो आजार धरून उपचार घ्यावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ यादीतही आहे. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मराठीत बोलते. मुलगी दोनदा तिथं बोलली, आईला नंतर सांगितलं.

बुक्का

पहिली संक्रांत दोन महिन्यांत आली. गल्लीत हळदीकुंकू, वाणाच्या वाट्या, आणि बाईंचं दार सोडून पलीकडे जाणाऱ्या बायका. कुणी अपमान करत नाही, चाल मंदावते आणि नजर खाली जाते, एवढंच. त्या महिन्यात बाईंनी देवघर झाकून ठेवलं. सासूंनी काही म्हटलं नाही, स्वतः दिवा लावत राहिल्या.

सासू माळकरी. एकादशीला गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात भजनाला जातात, तशा सुनेलाही घेऊन गेल्या, "डबा उचलायला" म्हणून. तिथं भजन संपलं की बुक्का लावतात. सवाष्ण असो, विधवा असो, पुरुष असो, बोट सगळ्यांच्या कपाळाला सारखं लागतं. बाईंच्या कपाळाला तीन महिन्यांनी कुणाचं तरी बोट लागलं. पुढच्या एकादशीला त्या डबा नसताना गेल्या. श्रद्धेबद्दल लांबलचक बोलता येतं, पण बऱ्याच घरांत ती परत येते ती एवढ्याशा वाटेनं: जिथं आधी तुझं काय झालं हे विचारत नाहीत अशा जागी. भीतीनं केलेल्या शांतीला हे जमत नाही, आणि तिचा खर्चही जास्त असतो.

दुसऱ्या पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या त्र्यंबककडे निघाल्या. वद्य एकादशीला उपवास, म्हणून जेवण दशमीला द्यायचं. साठ माणसं, माणशी दोन भाकऱ्या, १२ किलो बाजरीचं पीठ, पिठलं, ठेचा. पीठ दिरानं निफाडहून आणलं. जाऊबाईंनी आणि बाईंनी भाकऱ्या थापल्या, सासू चुलीपाशी बसून राहिल्या. डब्यांचे त्या दिवसाचे पैसे बाईंनी कापले नाहीत, गिऱ्हाइकांना आदल्या दिवशी सांगून सुट्टी घेतली आणि महिन्याच्या शेवटी एक डबा जास्त दिला.

एकादशीला त्र्यंबकला दर्शन घेऊन त्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे गेल्या. त्यांच्या वहीत पिढ्यांची नावं असतात. गुरुजींनी नवऱ्याच्या नावापुढे नोंद केली आणि खाली मुलाचं नाव लिहिलं. सासू म्हणाल्या, "पोरीचंही लिहा." गुरुजींनी लिहिलं.

वहीत नाव बरोबर आलं आहे. सातबाऱ्यावर मात्र मुलीच्या नावात पहिली वेलांटी दुसरी झाली आहे. दुरुस्तीचा अर्ज जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलला दिला आहे, सोबत शाळेचा दाखला जोडून.